ऑफिसचा मेल कोण बघणार, कधी बघणार, किती दिवस ठेवणार: सोलापूरच्या छोट्या उद्योगांसाठी मार्गदर्शक

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चिंचोलीतलं युनिट असो की गणवेश शिवणारा गारमेंटवाला, ऑफिसात दोन-तीन कॉम्प्युटर, सगळ्यांत मिळून एकच जीमेल खातं आणि मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी हे चित्र अजून सर्रास दिसतं. त्याच खात्यावरून परदेशी बायरला पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) जाते, त्यावरच बँकेचं स्टेटमेंट येतं आणि त्यावरूनच अकाउंटंट आपल्या मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरतो. वर्षानुवर्षं सुरळीत चालतं. मग एक दिवस आपला भाव दुसऱ्या पार्टीला कळल्याचं लक्षात येतं, मालकाला कुणावर तरी संशय येतो आणि प्रश्न निघतो, "याचे मेल बघता येतील का?"

बघता येतील. पण कॉम्प्युटर कंपनीचा आहे म्हणून त्यातलं सगळं वाचायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो आधी लिहून, सांगून आणि स्वतःवर मर्यादा घालून मिळवावा लागतो. संशय आल्यावर नियम करायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून खालची कामं सगळं ठीक चाललेलं असतानाच करून ठेवा.

पायरी 1: कोणकोणती खाती आहेत ते लिहून काढा

एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा. कंपनीच्या कामासाठी वापरलं जाणारं प्रत्येक मेल खातं, ते कुणी उघडलं, रिकव्हरीला कुणाचा मोबाइल नंबर दिलाय आणि आज पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, एवढं नोंदवा. हे काम तासाभरात होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. जीएसटी पोर्टलला एक मेल, ईपीएफओला (पीएफचं कार्यालय) दुसरा, डीजीएफटीला (निर्यातीचा परवाना देणारं केंद्राचं कार्यालय) तिसरा, बँकेला मालकाच्या पुतण्याचा जुना याहूचा मेल असं निघत जातं. कुठल्या तरी पोर्टलचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर जात असतो, तेही इथेच कळतं. तो नंबर त्याच दिवशी बदलून घ्या.

सामाईक पासवर्डचं खातं हे मूळ दुखणं आहे. चार जण एकच खातं वापरत असतील तर कुठला मेल कुणी पाठवला हे नंतर सिद्ध करता येत नाही. भाव कुणी फोडला ते कळणार नाही आणि ज्याच्यावर आळ येईल त्याला तो खोडूनही काढता येणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला एवढं पुरतं. खासगीपणाचा विचार केला तरी तेच. सगळ्यांचं खातं हे कुणाचंच खासगी नसतं, तरी प्रत्येक जण ते थोडंफार आपलं समजून वापरत असतो.

पायरी 2: कंपनीचं डोमेन, माणशी एक खातं

स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं कंपनीचं नाव, घ्या आणि त्यावर गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट 365 किंवा झोहो मेल यांपैकी परवडेल ते चालू करा. सेल्स, अकाउंट्स, एक्स्पोर्ट असे सामाईक पत्ते हवेतच, पण ते ग्रुप किंवा शेअर्ड मेलबॉक्स म्हणून ठेवा. प्रत्येकाने स्वतःच्या पासवर्डने आत यायचं, म्हणजे कुणी काय पाठवलं ते नोंदीत राहतं. दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना सक्तीची करा. सूट मालकालाही नको, कारण चोराला सर्वांत जास्त रस त्याच्याच खात्यात असतो.

डोमेन कुणाच्या नावावर आहे ते एकदा तपासा. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने ते स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं, तो पुण्याला जातो आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे पडून राहते. डोमेन गेलं की मेल गेला. ते कंपनीच्या नावावर करून घ्या. त्याच बैठकीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या. तुमच्या डोमेनच्या नावाने दुसऱ्या कुणी खोटा मेल पाठवला, तर समोरच्याच्या सर्व्हरला तो या नोंदींवरून ओळखता येतो. जाणकार माणसाला हे काही तासांचं काम आहे.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी एक बारीक गोष्ट. 2013च्या कायद्याच्या कलम 12नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन आणि ईमेल असायला हवा. मेलच्या शेवटी येणाऱ्या सहीतही हे टाकून ठेवा.

पायरी 3: धोरण लिहा, लोकांना कळेल अशा भाषेत

नोकराचे मेल मालकाने केव्हा बघावेत हे सांगणारा असा वेगळा कायदा भारतात नाही. जे आहे ते तीन-चार ठिकाणांहून जुळवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000चं कलम 43 सांगतं की कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा त्याचा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं, त्यातला डेटा काढून घेणं यासाठी भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम 66खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. तोपर्यंत 2011चे संवेदनशील माहितीचे नियम चालू आहेत.

नव्या कायद्याचं कलम 7 मालकांच्या सोयीचं आहे. नोकरीच्या कामासाठी, तसंच कंपनीचं नुकसान टाळणं, व्यापारी गुपितं राखणं, हेरगिरी रोखणं यासाठी नोकराची माहिती वेगळी संमती न घेता वापरता येते. काही सल्लागार याचा अर्थ "आता सगळं मोकळं" असा लावतात. मला तो पटत नाही. हेतू सांगितलाय, तर वापर त्या हेतूपुरताच असायला हवा. गुपित फुटल्याचा तपास करायला घेतलेला मेलबॉक्स कुणाचं लग्न मोडतंय हे वाचायला वापरला, तर कलम 7 आडोशाला येणार नाही.

धोरण इंटरनेटवरून उचललेलं आठ पानी इंग्रजी नको. एक-दीड पान पुरे. मी सुचवतो तो मजकूर साधारण असा:

"कंपनीने दिलेला ईमेल कंपनीच्या कामासाठी आहे. अडीअडचणीला थोडा खासगी वापर चालेल, पण बँक, दवाखाना, वकील आणि घरच्या गोष्टींसाठी स्वतःचं खातं वापरावं. कंपनीच्या खात्यावरचे मेल कंपनीकडे साठतात. सुरक्षेसाठी स्पॅम, व्हायरस आणि बाहेर जाणाऱ्या फायलींची आपोआप तपासणी होते. एखाद्याचा मेलबॉक्स माणसाने उघडून वाचणं फक्त पुढील कारणांसाठी होईल: तो कर्मचारी रजेवर असताना अडलेलं काम, लेखी तक्रार किंवा ठोस संशय, सायबर हल्ला, न्यायालयाचा किंवा सरकारी अधिकाऱ्याचा आदेश. त्यासाठी दोन जणांची लेखी मंजुरी लागेल आणि नोंद ठेवली जाईल. कर्मचाऱ्याचं स्वतःचं जीमेल, व्हॉट्सॲप किंवा फोन कंपनी उघडणार नाही, कंपनीच्या कॉम्प्युटरवर ते चालू राहिलेलं असलं तरीही. भाव, मुदत आणि पैशाच्या अटी मेलवर कबूल करायचा अधिकार फक्त खाली नावं दिलेल्या व्यक्तींना आहे. या नियमांबद्दल शंका किंवा तक्रार असल्यास अमुक यांच्याशी बोलावं."

त्यातलं भाव कबूल करण्याचं वाक्य गाळू नका. मेलवर झालेला सौदा हा सौदाच असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ ते सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात मेलवरच्या देवाणघेवाणीतून झालेला करार ग्राह्य धरला. मर्चंडायझरने (बायरशी ऑर्डरचा व्यवहार बघणाऱ्याने) घाईत "ओके, कन्फर्म" लिहिलं, तर बायर उद्या त्यावर बोट ठेवणार.

सोलापूरच्या ऑफिसात आणि कारखान्यात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं असतात. नवा कायदा संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगतो, आणि या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. मेलच्या धोरणाला ही अट थेट लागू नसली तरी तेच करा. मराठी मजकुराची सही घ्या, आणि ज्याला तेलुगू किंवा कन्नड सोपी जाते त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची ओळ त्याच कागदावर लिहा. नियुक्तिपत्रासोबत वीस कागदांत ही सही उरकून घेऊ नका. अर्धा तास सगळ्यांना बसवून वाचून दाखवा आणि प्रश्न येऊ द्या. "मग सीसीटीव्हीचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचंही उत्तर तयार ठेवा.

पायरी 4: मेलबॉक्स उघडायची वेळ आलीच तर

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मालक तापलेला असतो. कॉम्प्युटर बघणाऱ्याला फोन जातो, "त्याचं सगळं काढ." तो पोरगा ॲडमिन पॅनलमधून पासवर्ड बदलतो, मेल वाचतो, स्क्रीनशॉट काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या युनिटला कळलेलं असतं. यात पुराव्याची माती झाली, माणसाची बदनामी झाली आणि पुढे काही कारवाई केलीत तर समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळाला.

त्याऐवजी एका कागदावर चार गोष्टी लिहा: नेमका संशय काय, कुठल्या तारखांमधले मेल, कुठले शब्द किंवा कुठले पत्ते शोधायचे आणि मंजुरी देणाऱ्या दोघांच्या सह्या. एक सही मालकाची किंवा संचालकाची आणि दुसरी ज्याचा त्या भांडणाशी संबंध नाही अशा माणसाची, अकाउंट्स हेड किंवा बाहेरचा सीए चालेल. ज्या मॅनेजरने तक्रार केली तोच शोध घेणार असं ठेवू नका.

शोध नेमका ठेवा. समजा, टेरी टॉवेलच्या एका ऑर्डरचा भाव फुटल्याचा संशय आहे आणि ऑर्डर 10 ते 25 तारखेदरम्यानची आहे. मग त्याच तारखा, त्या बायरचं नाव, ऑर्डर नंबर आणि बाहेरच्या पत्त्यांवर गेलेले मेल एवढंच शोधा. गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या व्यवसायासाठीच्या योजनांत ॲडमिनला मेलबॉक्सचा पासवर्ड न बदलता शोध घेता येतो, मात्र ती सोय तुमच्या योजनेत आहे का ते आधी बघा. शोधताना मध्येच डॉक्टरांचा रिपोर्ट, बायकोचा मेल किंवा दुसरीकडे नोकरीसाठी केलेला अर्ज दिसला, तर तो बंद करा आणि पुढे जा. दुसरीकडे अर्ज करणं हा गुन्हा नाही, आणि तो "सापडला" म्हणून त्या माणसाची पगारवाढ अडवणं तर अगदीच हलकं काम.

एक रेषा मात्र कधीच ओलांडू नका. कर्मचारी जेवायला गेला, कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्याचं स्वतःचं जीमेल उघडं राहिलं. कॉम्प्युटर कंपनीचा, पण ते खातं त्याचं. ते वाचलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलम 43 आणि 66 तुमच्यावरच उलटू शकतात. ब्राउझरमध्ये साठवलेला त्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरला तर कलम 66क आहेच. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारी सॉफ्टवेअरं विकणारे लोक येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. त्यात नोकराचा नेटबँकिंगचा पासवर्डही टिपला जातो, आणि तो तुमच्या सर्व्हरवर पडून राहिला की नसती जबाबदारी गळ्यात येते.

फोनचंही तसंच. "व्हॉट्सॲप दाखव" म्हणायचा अधिकार मालकाला नाही. कामाचा मेल स्वतःच्या फोनवर वापरू देणार असाल तर अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल लावून घ्या. माणूस सोडून गेला की फक्त तेवढा कप्पा पुसता येतो, त्याच्या घरच्या फोटोंना हात लागत नाही.

शोधातून काही निघालं तरी थेट "उद्यापासून येऊ नको" म्हणू नका. लेखी नोटीस, उत्तराला वेळ आणि मेल समोर ठेवून विचारणा एवढं तरी झालंच पाहिजे.

पायरी 5: कामगारांची माहिती मेलवरून फिरते, तिकडे बघा

खासगीपणा म्हटलं की सगळे पाळतीबद्दल बोलतात. छोट्या कारखान्यात खरी गळती वेगळीच असते. पीएफचं काम बघणाऱ्या सल्लागाराला दर महिन्याला एक एक्सेल जाते. तिच्यात प्रत्येक कामगाराचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं आणि आयएफएससी. ना पासवर्ड, ना काही. वर सीसीमध्ये तीन जण, त्यातला एक वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेला. पत्ता टाइप करताना पहिली दोन अक्षरं लिहिली की मेल स्वतःच जुनं नाव सुचवतो, आणि घाईत तेच निवडलं जातं.

बँक तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक आणि पासवर्ड हे 2011च्या नियमांत संवेदनशील माहितीत मोडतात. नव्या कायद्याखाली वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्याला कुणी 250 कोटींचा दंड लावायला बसलेलं नाही, पण "आम्ही लहान आहोत" हा बचाव कायद्यात लिहिलेला नाही, हेही खरं.

उपाय अगदी साधे आहेत. फाइलला पासवर्ड लावा आणि पासवर्ड मेलवर न पाठवता फोनवर सांगा. आधारची प्रत लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत वापरा. पगाराच्या स्लिपा ज्याच्या त्याला वेगळ्या पाठवा. बोनसच्या यादीत सगळ्यांचे आकडे एकत्र टाकून मेल करणारे महाभाग अजून आहेत. बाहेरच्या पन्नास लोकांना एकच मेल पाठवायचा असेल तर पत्ते बीसीसीत टाका. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सेटिंगमध्ये 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवा.

लैंगिक छळाच्या तक्रारींना वेगळा मेलबॉक्स द्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि कलम 16 तक्रारीचा तपशील व नावं गुप्त ठेवायला सांगतं. म्हणून त्या खात्याचा प्रवेश फक्त समितीच्या सदस्यांना द्या. त्यात मालक नाही, कॉम्प्युटर बघणाराही नाही. ॲडमिन म्हणून त्याला तांत्रिकदृष्ट्या उघडता येत असेल, तर त्याच्याकडून गुप्ततेची लेखी हमी घ्या आणि ते खातं कधी उघडलं गेलं याची नोंद समितीला दर महिन्याला दाखवा.

पायरी 6: बँक बदलल्याचा मेल आणि सहा तासांची मुदत

टॉवेलच्या एक्स्पोर्टरला सर्वांत महाग पडणारा मेल कर्मचाऱ्याचा नसून त्याच्या नावाने दुसऱ्यानेच लिहिलेला असतो. चोर आधी तुमच्या किंवा बायरच्या मेलबॉक्समध्ये शिरतो आणि काही आठवडे गुपचूप वाचत बसतो. पेमेंटची वेळ आली की बायरला मेल जातो, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी रक्कम खालील खात्यात पाठवा." लेटरहेड तुमचंच, पीआय नंबर बरोबर, भाषा तुमच्या मर्चंडायझरची. पत्त्यात मात्र एका अक्षराचा फरक. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की छोट्या स्क्रीनवर एम दिसतो, एवढ्यावर काम होतं.

म्हणून दर महिन्याला प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. "इन्व्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेले मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठवून इनबॉक्समधून उडवणारा नियम तिथे लावलेला सापडतो. कर्मचाऱ्याचा एकही मेल न वाचता ही तपासणी होते, त्यामुळे खासगीपणाचा प्रश्नच येत नाही. बायरसोबतच्या करारात एक ओळ घाला की बँक तपशील बदलल्याचं फोनवर, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलून पक्कं झाल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. इथल्या सूत आणि रंग पुरवणाऱ्यांना पैसे देताना तुम्हीही हाच नियम पाळा.

फसवणूक झालीच, तर त्या दिवशी पासवर्ड बदलण्याआधी चोराच्या मेलची मूळ प्रत हेडरसकट (मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदींसकट) उतरवून ठेवा. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि सायबर पोलीस ठाण्यात जा. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आला तरच आला. बायरने परदेशातून परदेशी खात्यात पाठवले असतील, तर धावपळ बायरला त्याच्या बँकेकडे आणि त्याच्या देशाच्या पोलिसांकडे करावी लागते. त्याला ताबडतोब फोन करा. मेलवर कळवू नका, चोर अजून आत असू शकतो.

शिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा 28 एप्रिल 2022चा आदेश आहे. खात्यात घुसखोरी, डेटा चोरी, फिशिंग अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायच्या आणि सिस्टिमचे लॉग (कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे. लहान-मध्यम उद्योगांना त्याची तयारी करायला सप्टेंबर 2022 पर्यंत वेळ दिला होता, तो कधीच संपला. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. गड्ड्याच्या यात्रेत अर्ध्या स्टाफची सुट्टी असताना सहा तास कसे निघून जातात ते कळतही नाही. म्हणून कळवायची जबाबदारी एकाच्या नावावर टाका आणि तो नसेल तेव्हा कुणी, हेही लिहून ठेवा.

पायरी 7: किती दिवस ठेवायचे आणि कोर्टात कसे न्यायचे

कंपनी असेल तर हिशेबाची कागदपत्रं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचे रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने. म्हणून ऑर्डर, बिलं, पेमेंट आणि बँक यांच्याशी संबंधित मेल आठ वर्षं ठेवा, सोपा हिशेब. नोकरीसाठी आलेले बायोडेटा मात्र जन्मभर साठवायचं कारण नाही. भरती संपून वर्ष झालं की काढून टाका. सगळं कायमचं ठेवणं सुरक्षित वाटतं, पण चोर शिरला तर तेवढंच जास्त त्याच्या हाती लागतं.

एखादा वाद कोर्टात गेला किंवा जाण्याची चिन्हं दिसली, की त्या विषयाचे मेल पुसणं त्याच क्षणी थांबवा, आपोआप पुसायची सेटिंग असेल तर तीही. पुरावा म्हणून येऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241खाली गुन्हा आहे.

मेलची प्रिंट काढून वकिलाला दिली की काम झालं असं अनेकांना वाटतं. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. पहिला कॉम्प्युटरचा ताबा असलेल्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेला, फाइल जराही बदलली तर बदलणारा ठसा. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचा प्रश्न जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नाही तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. म्हणून मेल फॉरवर्ड करू नका, मूळ स्वरूपात उतरवा, त्याच वेळी हॅश काढा, आणि कुणी कधी काढली ते पायरी 4च्या कागदावर लिहा.

पायरी 8: माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी

शेवटच्या दिवशी, निरोपाचा चहा व्हायच्या आत, त्याच्यासोबत बसून तीन गोष्टी करा. चालू ऑर्डरींची यादी आणि बायरचे मेल कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते समजून घ्या. कंपनीच्या खात्यावर त्याचं काही खासगी असेल तर ते त्याला काढून घेऊ द्या, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. आणि त्याच्या नंबरवर कुठल्याही पोर्टलचा ओटीपी जात नाही ना, हे पायरी 1च्या यादीवरून तपासा. त्याने संध्याकाळी ऑफिस सोडताच खात्यातला त्याचा प्रवेश बंद करा आणि सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा. खातं पुसू मात्र नका.

त्याच्या पत्त्यावर दोन महिने आपोआप उत्तर जाऊ द्या: "अमुक आता कंपनीत नाहीत, ऑर्डरसंबंधी या पत्त्यावर लिहा." त्याच्या नावाने दुसऱ्याने उत्तरं देत बसू नये. बायरची फसवणूक होते आणि माणसाचीही. दोन महिन्यांनी पत्ता बंद, कामाचे मेल आठ वर्षांच्या साठ्यात.

आता मालकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. सोडून गेलेला मर्चंडायझर शेजारच्या कारखान्यात लागला तर? "दोन वर्षं सोलापुरात कुठे काम करणार नाही" असं लिहून घेतलेलं असलं, तरी भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 27मुळे नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. टिकतो तो गुप्ततेचा करार. बायरची यादी, भाव आणि चादरीच्या जॅकार्डच्या डिझाइन फायली न्यायच्या नाहीत, एवढं नियुक्तिपत्रात स्पष्ट हवं. नवीन डिझाइनची नोंदणी करायची असेल तर अर्ज आधी करा, मेल नंतर पाठवा. डिझाइन आधीच जाहीर झालेलं असेल तर डिझाइन्स कायदा, 2000खाली त्याचं नवेपण उरत नाही आणि नोंदणी रद्द होऊ शकते.

त्याने शेवटच्या आठवड्यात अशा फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवल्याचं लॉगमध्ये दिसलं, तर त्याच्या जीमेलमध्ये शिरायची गरज नाही. पाठवल्याची नोंद तुमच्याच सर्व्हरवर आहे. ती हॅशसकट काढा, वकिलामार्फत नोटीस द्या आणि नुकसानभरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात ते काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे आहे आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात.